पंचवीस पळें

ह्या वैशाखांत आमच्या घरीं धाकट्या पुतण्याची व त्याच्या चुलतभावाची अशा दोन मुंजी एकाच मांडवांत झाल्या. मुंजीच्या घरांत घड्याळाला जेवढा मान मिळतो तेवढा एरवीं वर्षभर मिळत नाहीं. वडीलमंडळी भिंतीवरील घड्याळाशीं हातांतील घड्याळ ताडून पाहतात, गुरुजी पंचांगांत बोट घालून बसतात, आणि आमच्या अण्णांनीं तर माळ्यावरचें जुनें घटिकापात्र चिंचेनें घांसून पातेल्यांत तरंगत ठेविलें होतें. अशा घरांत मीं आपला एक निराळाच मुहूर्त आणिला, आणि त्यावरून जी चकमक उडाली ती येथें सांगावी असें मनांत आहे. कारण ह्याच विषयावर अलीकडे वाचकांचीं बरींच पत्रें आलीं. कोणी केशकर्तनालयांतील निळ्या पाण्याच्या बरणीविषयीं विचारतात, कोणी पार्लरांत पाय बुडवून बसण्याच्या टबाविषयीं. आणि साताऱ्याकडील एका भगिनीचा प्रश्न आहे कीं, मुंजीच्या क्षौरासाठीं वस्तरा 'शुद्ध' कसा करावा?

प्रथम माझ्या आग्रहाचें कारण सांगतों. तीन वर्षांपूर्वीं आप्तांपैकीं एकांच्या नातवाची मुंज सामुदायिक समारंभांत झाली. नऊ बटु ओळीनें पाटावर बसले होते. कारागीर एक, केंस कापण्याचें यंत्र एक, वस्तरा एक. शेजारीं एका वाटींत पाणी, व त्यांत कसल्याशा जंतुनाशकाचे चार थेंब टाकल्यामुळें तें दुधासारखें पांढरें झालेलें. एक डोकें झालें कीं यंत्राचें टोंक त्या वाटींत बुडवावयाचें, झटकावयाचें, आणि पुढच्या डोक्याला लावावयाचें. वास मोठा स्वच्छतेचा येत होता, आणि मीहि त्या वासावर समाधान मानून पंक्तीच्या तयारीला गेलों. पुढें अडीच आठवड्यांनीं त्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढा गोल चट्टा उठला व त्यावर नव्यानें येणारे केंस मुळाशींच तुटूं लागले. डॉक्टरांनीं डोक्यावरील नायटा असें निदान केलें. ही बुरशी केंसाच्या मुळांत शिरते, म्हणून वरून मलम चोळून भागत नाहीं. पोटांत औषध घ्यावें लागतें, आणि तेंहि सहा ते आठ आठवडे. मुलगा बरा झाला, केंसहि पुन्हां आले. पण शाळेंत दोन महिने तो टोपी काढण्यास तयार नव्हता. त्या नऊंपैकीं आणखी दोघांना असाच चट्टा उठल्याचें मागाहून समजलें. दोष त्या वाटीचाच होता असें शपथेवर सांगतां येणार नाहीं, कारण नायटा शाळेंतील टोपीवरून वा फणीवरूनहि येतो. परंतु ती वाटी माझ्या डोळ्यांपुढून हालत नाहीं.

आपल्या घरांत लहानपणापासून प्रोक्षणाचा संस्कार आहे. दर्भानें चार थेंब शिंपडले कीं वस्तु शुद्ध झाली. धर्मकृत्यांत त्याचा अर्थ निराळा आहे आणि तो तेथें शोभतो. घोटाळा होतो तो हाच भाव आपण वस्तऱ्याला लावितों तेव्हां. जंतुनाशक औषध शिंपडल्यानें काम करीत नाहीं, तें भिजवून ठेवल्यानें करितें. जंतूंच्या आवरणाला छिद्र पडण्यास, आंतील द्रव्यें बिघडण्यास कांहीं काळ लागतो, आणि तो काळ औषधाच्या बाटलीवर छापलेला असतो. केशकर्तनालयांतील बहुतेक औषधांचा काळ दहा मिनिटांचा. ह्याचा अर्थ असा कीं, हत्यार दहा मिनिटें पूर्णपणें बुडालेलें, किंवा त्याचा पृष्ठभाग तितका वेळ ओला, राहिला पाहिजे. तिसऱ्या मिनिटास वाळला तर सात मिनिटें बाकी राहिलीं, आणि तीं मागाहून भरून काढतां येत नाहींत. स्पिरिटाची हीच अडचण आहे. शेंकडा ७० भाग अल्कोहोल उत्तम जंतुघ्न खरें, आणि त्यांत पाणी असतें म्हणूनच तें शुद्ध अल्कोहोलापेक्षां अधिक गुणकारी. पण कापसानें पुसलेलें स्पिरिट आपण बघतां बघतां उडून जातें.

ती निळी बरणी अमेरिकेंतून आली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत मॉरिस किंग ह्या गृहस्थानें १९४७ सालीं 'बार्बिसाइड' नांवाचें औषध काढलें. नांवाचा शब्दशः अर्थ पाहूं गेल्यास 'नापितनाशक' असा निघतो, आणि तरीहि तें नाभिकांच्याच दुकानांत मानानें बसलें, ही गंमत आहे. लिटरभर पाण्यांत सुमारें ६० मिलिलिटर औषध, बुडविण्याचा काळ दहा मिनिटें, आणि द्रावण रोज नवें करावयाचें; मध्येंच गढूळ झालें तर तेव्हांच. आपल्याकडे पुष्कळ दुकानांतून पाणी निळें असतें, पण तें किती दिवसांचें हें कोणी विचारीत नाहीं. तळाशीं केंसांचा गाळ बसलेली बरणी औषधाची राहिलेली नसते. ती शोभेची होते.

ह्या जातीच्या औषधांचा एक स्वभाव ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. साबणाशीं त्यांचें जमत नाहीं. साबणाचा फेंस हत्यारावर राहिला तर औषधाचा जोर तेथेंच खर्चीं पडतो. केंस, तेल, पावडर, वाळलेलें रक्त ह्यांच्या आड बसलेल्या जंतूंपर्यंतहि तें पोंचत नाहीं. म्हणून आधीं केंस झाडावे, हत्यार साबणानें घांसावें, साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावें, पाणी निथळूं द्यावें, आणि मग बरणींत सोडावें. कातर उघडी टाकावी, नाहीं तर खिळ्यापाशीं औषध जात नाहीं. विजेचें यंत्र बुडवितां येत नाहीं. त्याचें पातें निघत असेल तर काढावें, नसेल तर त्याजोगें फवाऱ्याचें औषध वापरून सांगितलेला काळ तें ओलें राखावें. बाहेर काढल्यावर हत्यार धुवून, कोरडें करून झांकून ठेवावें. दुकानांतून जांभळ्या उजेडाच्या पेट्या दिसतात; त्यांत किरण जेथें प्रत्यक्ष पडतात तेथेंच थोडा गुण येतो, आणि फणीच्या दांतांमागें सावलीच असते. स्वच्छ केलेलें हत्यार ठेवण्यास ती पेटी ठीक आहे, एवढेंच.

आतां पाय बुडविण्याच्या टबांविषयीं. हा विषय केवळ शंकेचा नव्हे. २००० सालच्या शरद्ऋतूंत उत्तर कॅलिफोर्नियांत कांहीं स्त्रियांच्या पायांवर फोडे येऊं लागले, आणि ते नेहमींच्या औषधांना दाद देईनात. साध्या तपासणींत जंतु सांपडेनात. शेवटीं धागा जुळला तो असा कीं, ह्या सर्व जणी एकाच नखशृंगाराच्या दुकानीं पाय धुवून घेण्यास जात. शोध करितां शंभरांवर गिऱ्हाइकें पीडित निघालीं. त्या दुकानांत पाण्याला भोंवरा देणारे दहा टब होते. वरून ते घांसले जात, चकचकीत दिसत; परंतु पाणी आंत ओढून घेणाऱ्या जाळीमागें केंसांचा व त्वचेच्या कणांचा लगदा सांचला होता, आणि त्यांत क्षयाच्या जंतूंच्या गोत्रांतील, पण पाण्यांत वाढणारा एक जंतु सुखानें नांदत होता. जाळी काढून आंत कोणी कधीं पाहिलेंच नव्हतें! आणखी एक गोष्ट आढळली. पाय बुडविण्यापूर्वीं ज्यांनीं पायांवरून वस्तरा फिरविला होता, त्यांना ह्या रोगाचा धोका अधिक होता. वस्तऱ्यानें पडणारे दिसेनासे ओरखडे जंतूंना दार उघडून देतात. लग्नसराईंत पार्लरांत जाणाऱ्या आमच्या लेकीसुनांनीं एवढें जरूर करावें: आदल्या दोन दिवसांत पायांवर वस्तरा लावूं नये, आणि टब कसा दिसतो हें न विचारतां जाळी कधीं काढली हें विचारावें. साधी परात असेल तर फारच बरें. तिला जाळी नाहीं, नळी नाहीं. घांसतां येते, आणि दहा मिनिटें औषध भरून ठेवितां येते.

वस्तऱ्याची गोष्ट मात्र नायट्यापेक्षां गंभीर आहे, कारण तेथें रक्ताचा संबंध येतो. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणु वाळलेल्या रक्तांत, शरीराबाहेर, निदान सात दिवस जिवंत राहतो. रविवारीं कोणाच्या हनुवटीवर चिरलेल्या वस्तऱ्यांत तो पुढच्या शनिवारपर्यंत वाट पाहूं शकतो. ह्या काविळीची लस आहे. लहान मुलांना ती सरकारी लसीकरणांत मिळते, पण घरांतील चाळिशीपुढच्या कितीकांनीं ती घेतली आहे ह्याची चौकशी करून पाहावी. 'क' प्रकारच्या काविळीला तर लसच नाहीं. हल्लीं बहुतेक कारागीर पातें बदलतात, एक पातें मोडून त्याचे दोन अर्धे करितात, आणि प्रत्येकास कोरा अर्धा वापरितात. ह्यांत वावगें कांहीं नाहीं. पण पातें ज्या खांचेंत बसतें ती खांच मात्र तीच असते, आणि रक्त तेथेंच उतरतें. पातें बदललें म्हणून वस्तऱ्याची मूठ शुद्ध झाली असें नव्हे.

तसाच तुरटीचा खडा. दाढी झाल्यावर ओल्या गालावरून तो फिरला कीं कसें गार वाटतें! तुरटी त्वचा आंवळते व बारीक रक्तस्राव थांबविते, हा तिचा खरा गुण. पण ती जंतुनाशक आहे ह्या भरंवशावर एकच खडा सकाळपासून तीस गालांवर फिरतो, आणि ज्याचें रक्त थांबवावयाचें त्याच्यासाठींच तो विशेषेंकरून घेतला जातो. खडा आपला आपण न्यावा. चार आण्यांच्या काळींहि तो महाग नव्हता, आजहि नाहीं. कुंचल्याबद्दलहि हेंच. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेंत दाढीच्या नव्या कोऱ्या कुंचल्यांतून अँथ्रॅक्ससारखा घोर रोग माणसांना झाला, कारण त्यांतील घोड्याचे केंस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्या रोगाचीं बीजें इतकीं चिवट कीं बरणींतल्या औषधानें मरत नाहींत. त्यांना दाबाखालील वाफच हवी. आजच्या कुंचल्यांना ती भीति नाहीं; पण पणजोबांचा कुंचला कौतुकानें वापरण्यास काढूं नये.

तर मुंजीच्या सकाळची हकीकत. आमच्याकडे येणाऱ्या नाभिकांना आम्ही सर्व जण मामा म्हणतों. माझें स्वतःचें जावळ त्यांच्या वडिलांनीं काढलें. दोन दिवस आधीं मीं त्यांना दोन यंत्रें आणण्यास सांगितलें होतें. त्यांचें दुसरें यंत्र नेमकें दुरुस्तीला गेलें होतें. पहिला बटु झाला, आणि मीं यंत्राचें पातें व वस्तऱ्याची मूठ मागून घेतली. घांसलीं, धुतलीं, बरणींत टाकलीं. ओसरीवर एकदम शांतता पसरली.

अण्णा म्हणाले, "हें काय? क्षौर व्हायचें, स्नान व्हायचें, मुहूर्त टळला तर?"

मीं म्हटलें, "अण्णा, पंचवीस पळें द्या."

दहा मिनिटें म्हटलीं असतीं तर ते रागावले असते. पळांचा हिशेब निघतांच गृहस्थ थबकले. चोवीस सेकंदांचें एक पळ, साठ पळांची घटका, त्यांनीं मनांतल्या मनांत गुणाकार केला, मुहूर्तास अजून किती अवकाश आहे तें पाहिलें, आणि म्हणाले, "मग पात्र निम्में भरेपर्यंत कोणी हात लावूं नका." तें बुडण्यास एक घटका लागते, म्हणून निम्म्यास बारा मिनिटें, असा त्यांचा सरळ हिशेब. वाटोळ्या पात्राला असा त्रैराशिक हिशेब लागत नाहीं, पण तो वाद घालण्याची ती वेळ नव्हती. मीं हळूच हातांतील घड्याळ पाहिलें, अण्णांनीं "हं!" म्हटलें तेव्हां साडेअकरा मिनिटें झालीं होतीं.

मामा मात्र त्या वेळांत गप्प नव्हते. ते म्हणाले, "घरच्या कार्यांत तुम्ही थांबलांत. रविवारीं दुकानांत बाकावर सहा जण बसलेले असतात. त्यांतला एक तरी थांबेल का? कात्री बरणींत टाकली कीं 'काय मामा, चहाला चाललांत का' म्हणून विचारतात." ह्यावर मजजवळ उत्तर नव्हतें. हिशेब पाहूं गेल्यास तो अवघड नाहीं: एका गिऱ्हाइकास वीस मिनिटें लागतात, घांसणें, बुडविणें, पुसणें मिळून पंधरा मिनिटें धरिलीं तर एक संच बरणींत असतां दुसरा हातांत राहतो, आणि दोन संचांत दिवस निभतो. दोन कातऱ्या, दोन फण्या, दोन मुठी, यंत्राचें एक जादा पातें. पण हा खर्च त्यांनीं एकट्यानें कां सोसावा? ज्याचा जीव वांचावयाचा तो बाकावर बसलेला गृहस्थ पांच रुपये अधिक मागितले तर समोरच्या दुकानीं जातो.

मुंजीच्या आहेरांत मामांना दरवेळीं धोतरजोडी मिळे. ह्या खेपेस आमच्या वहिनींनीं धोतरजोडीबरोबर यंत्राचें एक नवें पातें व झांकणाची बरणी दिली. बरणींत हळदकुंकू ठेवून दिलें होतें, तें मात्र मामांना धुवून काढावें लागलें.

एका वाचकांनीं घरांतील एकाच नेलकटरनें सर्वांनीं नखें काढावीं कीं काय, असें विचारिलें आहे. त्याचें उत्तर पुढील अंकीं देऊं.