शोधनिबंध आणि झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण संसारात उपयोगी पडते. घरातील उणे चारचौघांत दिसू नये, एवढाच तिचा आशय. परंतु विद्येच्या व्यवहारास ती लावू गेल्यास अनर्थ ओढवतो. तेथे मूठ झाकलेलीच राहिली, म्हणजे आत सव्वा लाख असोत की फुटकी कवडी असो, जगाच्या लेखी दोन्ही सारखीच.

आमच्या वाचकांच्या कुटुंबांतून आज एखादा मुलगा, एखादी मुलगी किंवा सून संशोधनात गढलेली असते. वर्षानुवर्षे परिश्रम होतात, शोधनिबंध छापून येतो, देवापुढे पेढे ठेवले जातात, आणि पुढे तो निबंध कपाटात जातो. छापला म्हणजे पोचला, अशी आपली समजूत. ती कितपत खरी आहे, याचा विचार या महिन्यात करू.

यासाठी दूर जावयास नको. नाशिकजवळील देवळाली येथे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेत शिकवीत होते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी गावी जन्मलेले रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांनी १९२७ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात असताना मिळविले होते. पुढील उच्च पदवी त्यांच्यापाशी नव्हती. होता तो केवळ अंकांचा छंद. ६१७४ या संख्येचा चमत्कार त्यांचाच. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. मात्र चारही अंक एकच नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करा. ३५२४ घेतल्यास प्रथम ३०८७, नंतर ८३५२ आणि तिसऱ्या खेपेस ६१७४ येतात. फार तर सात खेपांत ६१७४ यावयाचेच. मुलांना जवळ बसवून हे अवश्य करून पाहावे.

त्यांनी दुसराही एक शोध लावला. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली म्हणजे नवी संख्या जन्मते. १५ मध्ये १ आणि ५ मिळविले की २१ होतात. परंतु २० ही संख्या अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून जन्मत नाही. तिला जनक नाही, म्हणून ती स्वयंभू. या संख्यांविषयी कापरेकरांनी बरेच लिहिले. परंतु त्यातील पुष्कळसे लेखन लहान पुस्तिकांच्या रूपाने, स्वखर्चाने आणि देवळालीहूनच प्रसिद्ध झाले. मोठ्या ग्रंथालयांच्या सूचींत अशा पुस्तिकांस जागा कोठून मिळणार? पुढे १९७४ मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ या नियतकालिकात कोलंबिया देशातील बर्नार्डो रेकामान यांचा याच संख्यांविषयीचा प्रश्न चर्चिला गेला. परिणामी आजच्या संदर्भग्रंथांत एकाच वस्तूस दोन नावे आढळतात : काही जण तिला देवळाली संख्या म्हणतात, तर काही कोलंबियन संख्या. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा कोठे जगाची दृष्टी देवळालीकडे वळली. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. एका परदेशी लेखकाच्या गुणग्राहकतेने काम निभावले. परंतु असा गुणग्राहक भेटणे हा योग आहे, आणि योगावर विद्येचा व्यवहार सोपविता येत नाही.

गणितात उशीर झाला तर नामाचा लोप होतो. वैद्यकात उशीर झाला तर प्राण जातात. आपल्या कोकणात तांबड्या विंचवाचा दंश किती घातक, विशेषतः लहान मुलांस, हे जुन्या पिढीस सांगावयास नको. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रोग्यांच्या उशाशी बसून दंशाची लक्षणे टिपली आणि १९८२ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध केली. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या विषाच्या हृदयावरील परिणामास आवर घालते, हा त्यांचा अनुभव १९८६ मध्ये तेथेच छापून आला. खेड्यातील डॉक्टराने आपले निरीक्षण वहीत न ठेवता जेथे वैद्य वाचतात तेथे मांडले, म्हणून ते इतर वैद्यांच्या हाती लागले. ती वही बिरवाडीतच राहिली असती तर?

येथे कोणी सोवळ्या मनाचा वाचक म्हणेल की, आपल्या लेखनाचा डंका आपणच पिटणे विद्वानास शोभत नाही. शंका योग्य आहे. परंतु डंका पिटणे निराळे आणि वाटेवर पाटी लावणे निराळे. आपल्या पूर्वजांनी हा भेद उत्तम जाणला होता. ऋग्वेदाच्या सूक्तांची कात्यायनांची सर्वानुक्रमणी पाहा : सूक्ताचे आद्य शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद, एवढे तिने नोंदवून ठेवले आहे. हजारावर सूक्तांतून हवे ते सूक्त काढावयाचे, तर याहून चांगली सोय कोणती? अनुक्रमणीने सूक्तांची महती वाढविली नाही, तिने त्यांची वाट दाखविली. आपल्याच जिल्ह्याचे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यास ग्रंथांच्या व ग्रंथकारांच्या विस्तृत याद्या जोडल्या. त्या याद्यांवर पुढील अभ्यासकांचे केवढे तरी श्रम वाचले.

तेव्हा आजच्या संशोधकाने काय करावे? मला सुचतात ती चार कामे सांगतो.

पहिले, नावाचे. भास्कराचार्य म्हटले की सातव्या शतकातील की बाराव्या, हा प्रश्न अजून विद्यार्थ्यांस पडतो. तीच गत आजच्या जोशी-कुलकर्ण्यांची. परांजपे हे आडनाव रँग्लरसाहेब रोमन लिपीत ‘वाय’ हे अक्षर घालून लिहीत, दुसरे परांजपे ते घालीत नाहीत. यंत्राच्या दृष्टीने ही दोन आडनावे झाली. त्यातून मुलीचे लग्न झाले आणि आडनाव पालटले, म्हणजे माहेरच्या नावाचे तिचे निबंध आणि सासरच्या नावाचे निबंध दोन अनोळखी बायांचे ठरतात. सूनबाईंनी निबंधांवर पूर्वीचेच नाव चालू ठेवावे असे म्हटले, तर त्यात घराण्याचा अवमान मानू नये. ती तिच्या परिश्रमांची मिळकत आहे. याखेरीज २०१२ पासून ‘ऑर्किड’ नावाची सोळा अंकी ओळखसंख्या संशोधकांस विनामूल्य मिळते. ती घेऊन प्रत्येक निबंधास जोडावी, म्हणजे नाव पालटले तरी धागा तुटत नाही.

दुसरे, शीर्षकाचे आणि सारांशाचे. शोधणारा मनुष्य ज्या शब्दांनी शोधील, ते शब्द तेथे असले पाहिजेत. उक्षी, कशेळी, बारसू येथील आपली कातळशिल्पेच घ्या. कोणी त्यांस पेट्रोग्लिफ म्हणतो, कोणी जिओग्लिफ. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ती दुसऱ्या नावाने गेली. ज्याच्या निबंधात ही दोन्ही नावे, गावाचे नाव आणि कोकण हा शब्द येईल, त्याचा निबंध सापडेल. ‘दगडांतील मौन’ असे काव्यमय शीर्षक देणाऱ्याचा निबंधही मौनच पाळील.

तिसरे, प्रत ठेवण्याचे. पुष्कळ नियतकालिके आपले लेख वर्गणीच्या कुलपात ठेवतात. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना सुरू केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर होऊन सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी विद्यापीठांस व संस्थांस खुली व्हावयाची आहेत. व्यवस्था स्तुत्य खरी. परंतु राजापूरचा खाजगी डॉक्टर किंवा देवरुखचा बागाईतदार त्या दारातून आत जात नाही. त्यांच्यासाठी संशोधकाने आपल्या निबंधाची स्वीकृत प्रत संस्थेच्या खुल्या भांडारात ठेवावी. बरीच नियतकालिके तशी अनुमती देतात, काही ठरावीक महिन्यांनंतर देतात. म्हणून करारपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचावे. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हे भांडार आहेच. आपला प्रबंध तेथे नीट उघडतो की नाही, हे एकदा स्वतः पाहून घ्यावे.

चौथे काम मराठीचे. हापूस आंब्यातील साक्यावरील निबंध इंग्रजीत असणे क्रमप्राप्त आहे, परंतु ज्याच्या आंब्यात साका निघतो तो बागाईतदार मराठी वाचतो. प्रत्येक निबंधाचा एक पानभर सुबोध मराठी सारांश लिहून स्थानिक वृत्तपत्रास आणि गावच्या वाचनालयास द्यावा. या कामी घरातील वडीलधाऱ्यांचा उपयोग व्हावा. मजकूर वाचून ‘हे मला समजले नाही’ असे निःसंकोच सांगणारा आजोबा संशोधकास पुष्कळ परीक्षकांहून अधिक उपकारक ठरेल.

एक सावधगिरीची सूचना मात्र द्यावीशी वाटते. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके आणि पैसे घेऊन उल्लेख मिळवून देणारे दलाल यांचा सध्या सुळसुळाट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगास २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून चार हजारांवर नियतकालिके वगळावी लागली. पाटी लावावयाची ती खऱ्या घरास. रिकाम्या जागेवर लावलेली पाटी वाटसरूस फसविते आणि एक दिवस लावणाऱ्याचीही अब्रू घेते.

या महिन्यात वाचकांनी एवढेच करावे. घरात ज्याचा किंवा जिचा निबंध प्रसिद्ध झाला असेल, त्याचे शीर्षक न सांगता केवळ त्याचा विषय एखाद्या शाळकरी मुलास सांगावा आणि यंत्रावर तो निबंध शोधावयास लावावा. पाव तासात सापडला, तर उत्तम. न सापडला, तर काम अजून पुरे व्हावयाचे आहे असे समजून लेखकास त्याच दिवशी तसे कळवावे.