गाळ काढा, पण गवत सोडून



पावसाळा संपला की आपल्या सभेत एक विषय हमखास निघतो, खाडीच्या मुखातला गाळ. होडी आत घ्यायला भरतीची वाट बघा, पंखा घासतो, कधी होडीच रुतते. गाळ काढा ही मागणी आपलीच आहे आणि ती रास्त आहे. पण या मागणीला एक अट जोडायला हवी, असं आमचं मत आहे. काहींना पटणार नाही, तरी शेवटपर्यंत वाचा.

ओहोटीला कांदळवनाच्या पुढ्यात चिखलावर बारीक हिरवं गवत दिसतं. बरेच जण त्याला शेवाळ म्हणतात. ते शेवाळ नव्हे. त्याला मुळं आहेत, फुलं येतात, बी धरतं. हे समुद्री गवत. कोकण-गोव्याच्या खाड्यांत त्याची हॅलोफिला बेक्कारी नावाची जात सापडते आणि ती जगातल्या धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. कोळंबीची, कुर्ल्यांची आणि माशांची पिल्लं अशा गवतात लपतात, खातात, वाढतात.

खरं काम मात्र गवताच्या खाली, चिखलात चालतं. पाती पाण्याचा वेग मोडतात, मग पाण्यातला बारीक गाळ, कुजका पाला, सांडपाण्यातलं खत तिथे बसतं. वरच्या पातळ थराखाली प्राणवायू नसतो, त्यामुळे कुजणं सावकाश होतं आणि कर्ब वर्षानुवर्षं तिथेच पुरलेला राहतो. जगाच्या समुद्रतळाचा ०.२ टक्क्यांहूनही कमी भाग या गवताखाली आहे, पण समुद्रात दरवर्षी पुरल्या जाणाऱ्या कर्बापैकी सुमारे १० टक्के तिथे पुरला जातो, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. गवताची मुळं चिखलात थोडा थोडा प्राणवायू सोडतात. त्यामुळे स्फुरद चिखलातल्या लोहाला धरून राहतं आणि विषारी वायू मुळांपासून लांब राहतो. जास्तीच्या नत्रातलं काही जिवाणू हवेत सोडून देतात. थोडक्यात, गवत शाबूत असेल तर खाडीचं पाणी फुकटात साफ होतं.

गवत गेलं की काय होतं, हे समजायला मासळीच्या धंद्यातल्या लोकांनी हैदराबादचा बेगम बाजार आठवावा. तिथे मासळी बाजार आहे आणि जवळूनच मुसी नदी वाहते. शहराचं सांडपाणी घेऊन वाहणाऱ्या त्या नदीचा उन्हाळ्यातला वास ज्याने घेतला, त्याला सडक्या अंड्याचा वास सांगावा लागत नाही. मुसीत समुद्री गवत कधी नव्हतं, ती गोडी नदी. पण चिखलातला प्राणवायू संपला की तोच वायू तयार होतो, नदी असो की खाडी. खाडीत तर खाऱ्या पाण्यातलं सल्फेट असतं, म्हणून तो जास्तच होतो. चिखल काळा पडतो, उरलेली मुळं मरतात. लोहाला धरलेलं स्फुरद सुटतं, अमोनिया वर येतो. त्या खतावर शेवाळ माजतं, पाणी गढूळ होतं, ऊन तळाशी पोचत नाही आणि आणखी गवत मरतं. एकदा हे चक्र फिरलं की थांबवणं कठीण.

आता सक्शन पंपाचं बघा. पंप वाळू आणि गाळ ओढतो तेव्हा गवत मुळासकट जातं आणि कित्येक वर्षं पुरलेलं सगळं एका दिवसात पाण्यात उसळतं. उथळ पाण्यात नांगर ओढला किंवा जाळं तळाला घासलं तरी थोडं थोडं तेच होतं.

परत लावता येतं का? येतं, पण सवडीने. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरचं गवत १९३० च्या दशकात रोग आणि वादळाने गेलं. तिथल्या संशोधकांनी सुमारे वीस वर्षांत ७ कोटींहून जास्त बिया पेरल्या, तेव्हा कुठे हजारो एकर गवत परत आलं. आपल्याकडे तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्क उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं समुद्री गायींचं राखीव क्षेत्र जाहीर केलं. गवत राखलं तरच गाय राहील, हे त्यांनी ओळखलं.

म्हणून आमचं म्हणणं असं:

१. गाळ होड्यांच्या वाटेतलाच काढावा. कामाआधी गवताच्या जागा नकाशावर दाखवाव्यात आणि ती पाहणी करताना आपल्या माणसांना सोबत घ्यावं. कुठे गवत आहे हे आपल्याइतकं कुणाला माहीत?

२. काढलेला गाळ परत खाडीच्या उथळ भागात टाकू नये.

३. गवतावर नांगर टाकू नये. पर्यटनाच्या होड्यांना कायमचे बोये द्यावेत.

४. गावाचं सांडपाणी प्रक्रिया केल्याशिवाय खाडीत नको.

‘गवताच्या कर्बाचे पैसे मिळवून देतो’ म्हणणारेही उद्या दारात येतील. ऐकून घ्या, पण सही करण्याआधी सभेत आणा. गवत आणि त्याखालचा चिखल जागेवर आहे तोवरच त्या कर्बाला किंमत आहे.

गाळाचा ठराव पुढच्या सभेत येईल तेव्हा ही अट त्यात लिहून घेऊया. होडीची वाट मोकळी हवीच. पण त्या वाटेने बाहेर जाऊन जाळ्यात काही यायला हवं असेल, तर पिल्लांची जागाही राहायला हवी.

आपले मत खाली जरूर लिहा.