गणपतीत होऊ द्या चावडीवाचन

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनारपट्टीच्या जमिनीला भाव आला, हे आता कुणाला सांगायला नको. दापोली, गुहागरपासून राजापूरपर्यंत कातळावरच्या पडीक वरकसालासुद्धा गिऱ्हाईक येते. दलाल येतो, जमीन दाखवतो, विसार देतो. त्याला कुणी दोष देऊ नये, तो त्याचा धंदा आहे. खेदाची गोष्ट वेगळीच आहे. मुंबईहून आलेल्या गिऱ्हाइकाचा वकील आपल्या सातबाऱ्याची पन्नास-साठ वर्षांची कुंडली काढून बसतो, आणि ज्याच्या आजोबाने त्या जमिनीत घाम गाळला त्या शेतकऱ्याने आपला सातबारा शेवटचा कधी वाचला, हे त्यालाच आठवत नाही.

कुणाला विचारले तर उत्तर ठरलेले. "आमचं सगळं सामाईक आहे साहेब, भाऊबंदकीत कागद कोण बघतो?" मी म्हणतो, सामाईक आहे म्हणूनच बघायला हवा.

कागदात काय असते ते आधी पाहू. सातबारा म्हणजे दोन गाव नमुने. सातमध्ये जमीन कुणाची आणि तिच्यावर इतर हक्क कोणते, बारामध्ये पीक काय. प्रत्येक नावाशेजारी फेरफाराचा नंबर असतो. तो नंबर म्हणजे त्या नावाचा जन्मदाखला. नाव वारसाने आले, खरेदीने आले की कूळ म्हणून आले, हे फेरफार काढल्याशिवाय कळत नाही. एका फेरफारावरून त्याच्या आधीच्या, तिथून त्याच्याही आधीच्या, असे मागे मागे जायचे. आपल्या भागात निदान १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापर्यंत तरी जावे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, कूळकायद्याने कसणारा मालक झाला. कोकणातली बरीचशी मालकी त्या काळातल्या नोंदींवर उभी आहे.

आता खरी मेख ऐका. जुन्या नोंदीत थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे असायची. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची, नाव कारभाऱ्याचे. धाकटे मुंबईला गिरणीत, नाहीतर गोदीत, त्यांची नावे लागलीच नाहीत. पुढे सातबारा नव्याने लिहिताना कुठे कुठे ती तीन अक्षरे गळून पडली. झाले! कागदावर थोरला एकटा मालक. त्याच्या पश्चात त्याच्याच मुलांची नावे चढली. धाकट्याची नातवंडे गणपतीला घरी येतात, त्याच माजघरात जेवतात, पण कागदावर त्या घराशी त्यांचे काही नाते नाही. यात कुणी लबाडी केली असेलच असे नाही. पण उद्या गिऱ्हाईक आले की त्या तीन अक्षरांवरून भाऊ भावाला कोर्टात ओढतो.

बहिणींचे तसेच. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने दिला. तो जन्मापासूनचा आहे आणि वडील २००५ साली हयात असोत वा नसोत, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. तरीही वारस तपासाच्या वेळी बहिणीचे नाव सांगायचे 'राहून' जाते. राहते कसले, राहवले जाते! अशी जमीन विकली तर बहिणीचा दावा जमिनीबरोबर चालत येतो.

आता कुणी म्हणेल, विकायचीच नाही तर कागद कशाला? त्याला शेतीखात्याच्या माणसाचे उत्तर आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. आंबा, नारळ, सुपारी आडवी झाली. पंचनामे झाले. पण जिथे सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यातली निम्मी मयत आणि बाकीची मुंबई-पुण्याला, तिथे संमतीपत्रासाठी बागायतदार वणवण फिरला. झाडे त्याने वाढवली, पाणी त्याने घातले, भरपाई मात्र सह्यांसाठी अडली. फळबाग लागवडीचे अनुदान घ्यायचे तरी सामाईक खात्याला इतरांची संमती लागतेच. महामार्गात जमीन गेली आणि हिश्श्याचा वाद निघाला, तर मोबदल्याची रक्कम न्यायालयात जाऊन बसते. म्हणजे कागद साफ नसेल तर न विकणाऱ्याचेही नुकसानच.

दुसरा धोका त्याहून मोठा. वीस हिस्सेदारांपैकी एकाने आपला अविभक्त हिस्सा परस्पर विकला, तर घेणारा तुमचा सहहिस्सेदार होतो. तो वाटपाचा दावा लावू शकतो. मग रस्त्याकडचा, विहिरीकडचा तुकडा कुणाला जाईल, ते तुमच्या एकट्याच्या हातात राहत नाही.

म्हणून घरातल्या शिकलेल्या मुलाला कामाला लावा. सातबारा आणि आठ अ शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर दिसतो. डिजिटल सहीचा उतारा अल्प शुल्कात निघतो. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून मिळतात. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयातून फाळणी आणि मोजणीचा नकाशा काढावा. खरेदी-गहाणाचे व्यवहार दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक दोनमध्ये सापडतात. 'इतर हक्क' हा रकाना तर दोनदा वाचा. सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद, विक्रीला परवानगी लागेल असा शेरा तिथेच लपून बसलेला असतो.

समुद्रालगतच्या जमिनीला आणखी एक कागद लागतो, तो म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा. १९९१ पासून भरतीरेषेलगत बांधकामावर बंधने आहेत. २०१९ च्या अधिसूचनेनंतरही विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात पहिल्या २०० मीटरचा पट्टा सामान्यतः विकासाला बंदच आहे. सातबारा यावर एक अक्षर बोलत नाही. बंगल्याच्या आशेने घेणारा फसतो आणि मग विकणाऱ्याच्या दारात येऊन बसतो.

आणि हे ध्यानात ठेवा, सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. म्हणजे चुकीची नोंद दुरुस्त होऊ शकते. मात्र तिचा जाब विचारणारी म्हातारी माणसे हयात असेपर्यंतच ते सोपे. कुठल्या फेरफाराला कोण हजर होते, कुठले ठिकाण कुणाच्या वाट्याला होते, हे सांगणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे.

म्हणून एक सूचना करतो. चावडीवाचन ही महसुलाची जुनीच रीत आहे. सातबारे गावासमोर मोठ्याने वाचायचे, हरकत असेल त्याने तिथेच सांगायची. पण वाचन एखाद्या आडदिवशी होते, तेव्हा गावात म्हातारी-कोतारीच असतात. अर्धे हिस्सेदार मुंबईत. मग हरकत घेणार कोण? ते गणपतीत ठेवा. आरत्या आटपल्या की सकाळचे दोन तास, वाडीवार. चाकरमानी हजर, माहेरवाशिणी हजर, म्हातारेही हजर. वर्षातून असा योग दुसरा येतो तो फक्त शिमग्यात.

तलाठी भाऊसाहेबांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, सणाच्या दिवसांत बोलावणे जड आहे, हे मान्य. एकेकाकडे तीन-चार गावे असतात. पण २०२५ साली शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मयतांच्या जागी वारस लावायला घेतले, ते काम माणसे समोर असताना एका सकाळी जितके होईल तितके एरवी महिनाभरात व्हायचे नाही. सरपंच आणि ग्रामपंचायतीने पुढाकार घ्यावा. वाचनाआधी आठ दिवस मयत खातेदारांची यादी फळ्यावर लावावी. वारसांनी मृत्यूचे दाखले बरोबर आणावेत. ज्यांचे एकमत आहे त्यांनी वाटपाचा अर्ज तहसीलदारांकडे करावा. ज्यांचे नाही, त्यांना निदान आपले भांडण नेमके कशावर आहे ते तरी कळेल.

भांडणे होतील, ही भीती खरी आहे. सणात कटुता नको, असे जाणती माणसे म्हणतील. पण भांडण गावच्या चावडीत, चार माणसांसमोर झाले तर मिटते. तेच दलालाने विसार दिल्यानंतर उभे राहिले, तर नातवंडांपर्यंत पुरते. यंदा गणपतीला येणाऱ्या आपल्या माणसांना आजच फोन करा आणि सांगा, येताना आधारकार्ड आणि दाखले घेऊन या.