शेवंडींचा मोसम

अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानाच्या किनाऱ्यावर शेवंडी धरण्याचा नेहमींचा मोसम ६ ऑगस्टला सुरू होतो. तत्पूर्वीं जुलैअखेरच्या एका बुधवारीं व गुरुवारीं केवळ हौशी मंडळींकरितां दोन दिवसांची मुभा असते. आमच्या पुष्कळ वाचकांच्या स्वयंपाकघरांत शेवंडीस मज्जाव असेल. परंतु तिकडे शिकावयास गेलेल्या चिरंजीवांस पाण्यांत उतरण्याचा मज्जाव नाहीं, म्हणून हा प्रपंच.

पाठीवर हवेचें नळकांडें बांधून उतरणाराचा घात करते ती हाव. कपारींत मिशा हालतांना दिसल्या, कीं हवेच्या कांट्यावरची नजर सुटते. त्यांतून पाठीचें कवच ३ इंचांहून मोठें आहे कीं नाहीं, हें तेथील नियमाप्रमाणें पाण्यांतच मोजावयाचें. वेळ कसा गेला कळत नाहीं. मग हवा संपत आली, कीं श्वास कोंडून वर झेप! सुमारें ३३ फूट खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथें घेतलेली छातीभर हवा वर येतां येतां दुपटीनें फुगूं पाहते आणि फुप्फुस फाटतें. यास्तव श्वासोच्छ्वास क्षणभरही थांबवूं नये, सावकाश वर यावें, आणि हवा पुरेशी शिल्लक असतांनाच निघावें. जोडीदारास नजरेआड होऊं देऊं नये, हें निराळें सांगावयास नकोच.

दुसरें भय मोटारहोड्यांचें. तांबड्यावर पांढरा तिरपा पट्टा असलेलें पाणबुड्यांचें निशाण तेथें सक्तीचें असून खुल्या समुद्रांत त्याच्या ३०० फुटांच्या आंत राहावें लागतें. यंत्राचा आवाज पाण्याखालीं स्पष्ट येतो, पण दिशा कानांस उमगत नाहीं. तेव्हां निशाणाच्या दोरीलगतच वर यावें.