मधली सुट्टी मुलांना परत द्या

जिल्हा परिषदेच्या शाळेत मधल्या सुट्टीत जाऊन थोडा वेळ उभे राहा. खिचडी खाऊन, ताटं धुऊन मुलं बाहेर धावतात आणि पाठोपाठ हाका सुरू होतात. पळू नका. झाडावर चढू नका. मातीत बसू नका. कुठे घसरगुंडी दोरीनं बांधून टाकलेली, कुठे झोक्याच्या साखळ्या काढून कोठीत ठेवलेल्या, कुठे मैदानावर पेव्हर ब्लॉक. मुलं शेवटी व्हरांड्यात बसून घंटेची वाट बघतात. कुणी पडलं नाही म्हणून दिवस सुखरूप गेला, असं आपण धरून चालतो. मला ते मान्य नाही. मुलांकडून काय काढून घेतलं जातंय ते बघितलं, तर कुठल्याच पालकाला मान्य होऊ नये.

सूरपारंब्या आठवा. एकानं पायाखालून काठी लांब भिरकावायची, ज्याच्यावर राज्य त्यानं धावत जाऊन ती आणायची, तोवर बाकीच्यांनी झाडावर चढायचं. तिसरीतली मुलगी नव्या फांदीवर आधी एकच पाऊल दाबून बघते. फांदी करकरली तर पाय मागे घेते, हातानं वरची फांदी घट्ट धरून दुसरीवर सरकते. राज्य असलेला पोरगा जवळ आला की उडी मारायची का, हे तिला त्याच क्षणी ठरवायचं असतं. उंची जास्त वाटली तर ती उडी मारत नाही, पारंबीला धरून खाली उतरते. आपल्या अंगाला काय झेपतं याचा हा अंदाज फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. तो ज्या वयात यायचा, त्याच वयात आपण तिला व्हरांड्यात बसवलं आहे.

नॉर्वेतल्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी उंची, वेग, दंगामस्ती अशा जोखमीच्या खेळांकडे मुलं का ओढली जातात, याचा बारकाईनं अभ्यास केला आहे. कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये अशा खेळाच्या बाजूनं स्पष्ट भूमिका घेतली. न्यूझीलंडमधल्या स्वॉन्सन इथल्या सरकारी प्राथमिक शाळेनं तर सुट्टीतले बहुतेक नियमच काढून टाकले, मुलांना झाडावर चढू दिलं, आणि मुख्याध्यापकांचा अनुभव असा की भांडणं नि दादागिरी कमी झाली. पण एवढ्या लांब जायची गरज नाही. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं जिथं होती तिथं शाळा गेली. त्या महाराष्ट्रात आज मुलाला शाळेतल्याच झाडापासून लांब ठेवावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

यात शिक्षकांना दोष देऊन चालणार नाही. दोन शिक्षकांवर चार वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरणं, मतदार याद्या. अशात एखाद्याचा गुडघा फुटला की व्हॉट्सॲपवर फोटो फिरतो, पालक गेटवर येतात, वरून कारणे दाखवा नोटीस येते. अशी नोटीस एकदा आली की दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मुलांचा खेळ बंद. गुरुजींच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं.

सुरक्षा नको असं मी मुळीच म्हणत नाही. कुंपण हवं, सीसीटीव्ही हवा, शाळेत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसावर नजर हवी. छप्पर तर हवंच हवं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निंबोडीत २०१७ मध्ये वर्गावर छत कोसळून मुलं गेली. राजस्थानात झालावाडच्या पिपलोदीत २५ जुलै २०२५ ला सरकारी शाळेची इमारत पडून सात मुलं गेली. ही मुलं झाडावर चढली नव्हती. शाळेत, वर्गात होती. गळकं छत, उघडी वायर, झाकण नसलेली टाकी यातला धोका मुलाला दिसत नाही, तो टाळणं त्याच्या हातातही नसतं. ते मोठ्यांनीच दुरुस्त करायचं. झाडाची उंची मात्र मुलाला दिसते, आणि किती चढायचं हे त्याला ठरवता येतं. दुरुस्तीला निधी लागतो, पाठपुरावा लागतो. मुलाला झाडावरून उतरवायला एक हाक पुरते, म्हणून नियम सगळे झाडाचेच होतात.

शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये मैदान हा शाळेच्या मानकांचा भाग केला. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि शाळेच्या विकास आराखड्याचं काम तिच्याकडे सोपवलं. म्हणजे अधिकार आपल्याकडेच आहे. तो वापरू या.

समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्या. मुख्याध्यापकांसोबत मैदानात एक फेरी मारा; कुजलेली फांदी पावसाआधी तोडून घ्या, झाडाखाली वाळू टाका, घसरगुंडीचा उचकटलेला पत्रा ठोकून घ्या, प्रथमोपचार पेटीत औषधं आहेत का बघा. पेव्हर ब्लॉकचा प्रस्ताव आला असेल तर विरोध नोंदवा आणि तो पैसा छताकडे वळवायची मागणी करा. मग ठराव लिहा: मधल्या सुट्टीत मुलं पळतील, चढतील, मातीत खेळतील, खेळताना खरचटलं, मुका मार लागला तर पालक शिक्षकाची तक्रार करणार नाहीत. ठरावाखाली जमतील तितक्या आयाबापांच्या सह्या घ्या आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. गुरुजींना आज सगळ्यात जास्त गरज त्या सह्यांची आहे.