घट्ट चॉकलेट कुणाला, पातळ कुणाला?

१/ वर्धा तालुक्यातील आंजी (मोठी) येथे किराणा दुकानात ‘चॉकलेट’ मागितले, तर बरणीतून बहुधा साखरेची गोळीच निघते. कोकोचा कण नसलेल्या गोळीला चॉकलेट म्हणण्याची ही रीत महाराष्ट्रभर आहे. चॉकलेटचा इतिहासही पुष्कळदा असाच हाती येतो: नाव मोठे, आत कोको नाही.

२/ नेहमीची कथा परिचित आहे. मेक्सिको, मग स्पेनचा दरबार, मग युरोप, मग जग. या कथेत पिणारे दिसतात, पिकवणारे दिसत नाहीत. पेल्यामागची सत्ता ओळखणारे दोन आशियाई तरुण १८८८-८९ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये होते: फिलिपिन्सचे होसे रिझाल आणि मोहनदास गांधी. वाटा वेगळ्या, शहर एकच.

३/ मनिला आणि अकापुल्को यांच्यामधील स्पॅनिश जहाजवाहतूक १५६५ ते १८१५ अशी अडीच शतके चालली. याच मार्गाने मेक्सिकोचा कोको फिलिपिन्समध्ये रुजला. भाजून वाटलेल्या कोकोच्या वड्या, म्हणजे ‘ताब्लेआ’, पाण्यात किंवा दुधात उकळायच्या आणि लाकडी रवीने फेस येईपर्यंत घुसळायच्या, की ‘त्सोकोलाते’ तयार. याच वड्या घालून शिजवलेल्या भाताच्या खिरीला ‘चांपोरादो’ म्हणतात आणि तिच्यासोबत खारवलेली सुकी मासळी खातात.

४/ रिझाल यांच्या ‘नोली मे तांगेरे’ (१८८७) या कादंबरीत या पेयावर एक बोचरा प्रसंग आहे. धर्मगुरू नोकराला चॉकलेट करायला सांगतो. वाक्याच्या शेवटी ‘ए’ आले, तर घट्ट. ‘आ’ आले, तर पाणीदार. पाहुण्याची प्रतिष्ठा एका स्वरात ठरते आणि पाहुण्याला त्याचा पत्ताही नसतो. वसाहतीतील उतरंडीचे इतके नेमके चित्र जाडजूड ग्रंथांतही क्वचित सापडते.

५/ लंडनमधील विद्यार्थी गांधींसाठी कोको ही काटकसर होती. सकाळी ओटची लापशी आणि कोको, रात्री पाव आणि कोको. दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्स, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. पुढे त्यांचे मत पालटले. १९१३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधील आरोग्यविषयक लेखमालेत त्यांनी कोकोच्या मळ्यांतील मजुरांच्या गुलामीसारख्या स्थितीकडे बोट दाखवले.

६/ हा आरोप हवेतला नव्हता. आफ्रिकेच्या पश्चिमेस साओ टोमे या पोर्तुगीज बेटावर अंगोलातून आणलेले मजूर कराराच्या नावाखाली राबत होते. हेन्री नेविन्सन या पत्रकाराने १९०६ च्या पुस्तकातून ते जगापुढे मांडले. तेथील कोको घेणाऱ्या कॅडबरी कंपनीच्या कानावर या गोष्टी १९०१ पासून होत्या. खरेदी थांबली ती १९०९ मध्ये. टीका करणाऱ्या वृत्तपत्राविरुद्धचा खटला कंपनीने जिंकला, पण ज्यूरीने भरपाई दिली फक्त पाव पेनी. निकाल कंपनीचा, आणि चपराकही कंपनीलाच.

७/ गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी पुन्हा आरोग्यावर लिहिले आणि चहा, कॉफी, कोको शरीराला अनावश्यक ठरवले.

८/ ‘खाण्यापिण्यात राजकारण कशाला?’ हा आक्षेप येथे हमखास येतो. आंजीच्या परिसराला तो शोभणार नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) मँचेस्टरचा कापूस अडला, तेव्हा हिंगणघाटच्या कापसाला भाव चढला; युद्ध संपताच तो कोसळला. शेत इथे आणि भाव ठरवणारे साता समुद्रापलीकडे, हे वऱ्हाड-वर्ध्याच्या शेतकऱ्याने दीड शतकापूर्वीच अनुभवले. आज जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना पिकवतात. तेथील शेतकऱ्याची व्यथा कापूसवाल्याच्या घरात समजावून सांगावी लागत नाही.

९/ गांधींसारखा पेला दूर सारणे हाच एक मार्ग आहे, असे नाही. रिझाल यांनी पेला फोडला नाही. तो कुणापुढे कसा ठेवला जातो, एवढेच दाखवले. चॉकलेट आनंदाने खावे. मात्र त्याचा इतिहास सांगताना चवीआधी एक प्रश्न विचारावा: घट्ट कुणाला मिळाले, पातळ कुणाला, आणि ज्याने पिकवले त्याच्या वाट्याला काय आले?