कृत्रिम दात बसविण्यापूर्वी

माल पारखून घ्यावा आणि पावती जपून ठेवावी, हे व्यापारी घराण्यांत लहानपणापासून शिकविले जाते. मात्र दंतरोपणावर मोठी रक्कम खर्च करणारा तोच व्यापारी आपल्या जबड्यात नेमके काय बसविले, याची नोंद क्वचितच मागतो.

या उपचाराचा पाया स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी घातला. टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळते, हे त्यांना १९५२ च्या सुमारास प्रयोगात आढळले. १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर रोपण झाले. ही जुळणी होण्यास सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात. घरात लग्नकार्य आहे म्हणून केलेली घाई अंगलट येऊ शकते.

रोपण केलेल्या दाताला कीड लागत नाही. पण भोवतालची हिरडी सुजते आणि हाड झिजू शकते. वेदना बहुधा नसल्याने हे उशिरा कळते. तंबाखू, अनियंत्रित मधुमेह आणि हिरड्यांचे जुने विकार हा धोका वाढवितात. शोभेसाठी दातांवर पातळ पापुद्रे चढविताना बहुधा दात घासावे लागतात. घासलेले कवच पुन्हा येत नाही.

जैन कुटुंबांनी आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा. जबड्याचे हाड अपुरे असल्यास तेथे हाडाची भुकटी भरतात. ती अनेकदा गाईबैलांच्या हाडांपासून तयार केलेली असते. तिच्यावरील पडदाही बहुधा प्राणिजन्य असतो. ती शुद्ध करून वापरली जाते, त्यामुळे वैद्यकीय हरकत नसते. परंतु अहिंसाव्रती रुग्णाला हे शस्त्रक्रियेनंतर कळणे क्लेशदायक ठरते. कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम भुकटी किंवा रुग्णाचे स्वतःचे हाड हे पर्याय अनेकदा शक्य असतात. कोणता पर्याय योग्य, हे दंतवैद्यांशी आधीच बोलून ठरवावे.

उपचार पूर्ण झाल्यावर रोपणाची कंपनी, प्रकार, माप आणि भरलेल्या पदार्थाचे मूळ लेखी घ्यावे. निरनिराळ्या कंपन्यांचे सुटे भाग बहुधा एकमेकांना बसत नाहीत. दहा वर्षांनी परगावी स्क्रू सैल झाला, तर तोच कागद नव्या दंतवैद्याला वाट दाखवील. दुकानाच्या वहीत खिळ्यांचीही नोंद असते. देहात बसविलेल्या स्क्रूची ती का नसावी?